समुद्रांतील राखीव कुरण व पोवळ्यांच्या खडकांवरील मासळी

गांवच्या गायरानाचा एक तुकडा चार-पांच वर्षें चराईस बंद ठेवला, तर गांवची वैरण वाढते कीं घटते, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. बंद ठेवावें असें म्हणणारे सांगतात कीं, तेथें गवताचें बीं पडेल, मातीची धूप थांबेल, आणि अखेर सर्वांच्याच गुरांस लाभ होईल. विरुद्ध बाजूचे म्हणतात कीं, आज जें आहे तेंच पुरत नाहीं. त्यांतून तुकडा तोडून द्यावयाचा म्हणजे आजच्या गुरांनीं उपाशी राहावयाचें. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ह्याच वादाचा निकाल नजरअंदाजानें न लावतां वर्षानुवर्षें मोजणी करून लावण्याचा एक प्रयत्न समुद्रांत झालेला आहे. तेथें गवताच्या जागीं मासे व गुरांच्या जागीं मासे धरून पोट भरणारी माणसें होतीं, एवढाच फरक. शेतकरी वाचकांस त्याची हकीकत आपल्या उपयोगाची वाटेल, अशा समजुतीनें ती येथें देत आहें.

फिलिपाईन द्वीपसमूहांत सेबू नांवाचें एक लांबट बेट आहे. त्याच्या दक्षिण टोंकाशीं, ओस्लोब गांवाच्या हद्दींत, सुमिलॉन हें चिमुकलें बेट येतें. त्याचें क्षेत्र सुमारें २३ हेक्टर, म्हणजे ५७ एकरांच्या आंतबाहेर. आपल्याकडील एखाद्या बऱ्या खातेदाराच्या जमिनीएवढें. बेटाभोंवतीं पोवळ्यांच्या खडकांची झालर आहे, आणि समोरच्या किनाऱ्यावरील खेड्यांतून मच्छीमार होड्या घेऊन तेथें मासे धरावयास येत. १९७४ च्या डिसेंबर महिन्यांत जवळच्या दुमागेते शहरांतील सिलिमन विद्यापीठानें, ओस्लोबच्या नगरपालिकेस आपल्याकडे वळवून, ह्या खडकाचा पश्चिमेकडील सुमारें चौथा भाग मासेमारीस अजिबात बंद केला. उरलेल्या तीन भागांत पूर्वीप्रमाणें गळ, जाळीं व पिंजरे चालू राहिले. ह्या कामाचे प्रवर्तक आंजेल आल्काला हे प्राणिशास्त्रज्ञ होत. त्यांस १९९२ सालीं रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. २०२३ सालीं ते निवर्तले. पुढें ऑस्ट्रेलियांतील गॅरी रस हे त्यांच्या जोडीस आले, आणि ह्या दोघांनीं मिळून कित्येक वर्षें जी टिपणें ठेविलीं तीं ह्या विषयांत आजही आधारभूत मानिलीं जातात.

पाण्याखालचे मासे मोजतात तरी कसे, असें कोणी विचारील. रीत सोपी आहे, परंतु चिकाटीची आहे. खडकावर ठराविक लांबीची दोरी अंथरावयाची, पाणबुड्यानें तिच्या कडेनें सावकाश पोहत जावयाचें, आणि ठराविक रुंदीच्या पट्ट्यांत जो जो मासा दिसेल त्याची जात व अदमासें लांबी पाण्यांत न पुसणाऱ्या पाटीवर लिहून घ्यावयाची. लांबीवरून वजनाचा हिशेब बसवितां येतो. हीच मोजणी त्याच जागीं, राखलेल्या व न राखलेल्या अशा दोन्ही भागांत, दर एक-दोन वर्षांनीं पुनः करावयाची. शिवाय होड्या परत आल्या म्हणजे किती माणसांनीं किती तास कोणत्या साधनानें किती मासळी आणिली, याचीही नोंद ठेवावयाची. गांवच्या चावडींत बसून ठरविलेल्या आणेवारीपेक्षां हें काम अधिक भरंवशाचें आहे, हें सांगावयास नको.

आतां खडकावरील मासळीचा स्वभाव थोडा ध्यानांत घेतला पाहिजे, कारण त्यावांचून पुढील आंकड्यांचा अर्थ लागणार नाहीं. पोवळें हा दगड नव्हे. तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांनीं आपल्या अंगांतील चुन्यानें बांधलेला वाडा आहे. त्याच्या कपारींत, भोंकांत, फांद्यांत हजारों मासे राहतात. बांगडा किंवा तारली यांसारखी मासळी थवे करून दूरदूर फिरते; तिला समुद्राचा लहानसा तुकडा राखून ठेविल्याचा उपयोग थोडा. परंतु खडकावरील पुष्कळ जाती घरकोंबड्या असतात. एकदां जागा धरली कीं पुष्कळ मासे आपलें बहुतेक आयुष्य कांहीं शें पावलांच्या टापूंतच काढतात. म्हणून एवढासा भाग बंद केला तरी त्यांतला मासा खरोखरच जाळ्यापासून वांचतो व वाढतो.

आणि वाढणें हीच ह्यांतली मुख्य गोष्ट आहे. अमेरिकेच्या आग्नेय बाजूच्या समुद्रांत तांबड्या तांबोशीची एक जात आहे. तिच्या ६१ सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे सुमारें दोन फुटी, एका मादीच्या पोटांत जितकीं अंडीं भरतात, तितकीं भरण्यास ४२ सेंटिमीटर लांबीच्या २१२ माद्या लागतात, असा हिशेब तेथील शास्त्रज्ञांनीं काढला आहे. लांबी दीडपटही नाहीं, आणि अंडीं दोनशें पट. याचें एक कारण असें कीं, मासा लांबीनें थोडा वाढला तरी त्याचें पोट लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही अंगांनीं वाढतें. शेतकरी कणसें निवडतांना सर्वांत टपोरें कणीस बियाण्यास बाजूस काढितो. मच्छीमाराच्या गळास व भाल्यास मात्र सर्वांत मोठाच मासा आधीं लागतो, आणि बाजारांत भावही त्यालाच अधिक. म्हणजे समुद्रांत बियाणेंच प्रथम रांधलें जातें. त्यांतही कोंकण किनाऱ्यावर ज्यांस हेकरू अथवा गोबरा म्हणतात त्या वर्गांतील पुष्कळ जाती जन्मतः मादी असतात, आणि वय व आकार वाढल्यावर त्यांतील कांहींचे नर होतात. अशा जातींतले थोराड मासे वेंचून काढिले म्हणजे माद्या उरतात, नर दुर्मिळ होतात. सर्व मासे सारखेच, संख्या भरली म्हणजे झालें, असें समजणें येथें चुकीचें ठरतें.

सुमिलॉन येथें संरक्षण जवळजवळ दहा वर्षें टिकलें. ह्या मुदतीच्या अखेरीस, १९८३-८४ सालीं, खुल्या असलेल्या भागांतून दर चौरस किलोमीटरास वर्षाकाठीं सुमारें ३७ टन मासळी निघत होती. पोवळ्यांच्या खडकांचें उत्पन्न म्हणून हा आंकडा फारच मोठा आहे. ही मासळी खडकाचा चौथा हिस्सा बंद असतांना मिळत होती, हें वाचकांनीं विसरूं नये.

१९८४ सालीं हवा फिरली. नगरपालिकेचा कारभार बदलला, विद्यापीठाशीं असलेला करार मोडला, आणि बंद भाग सर्वांस मोकळा झाला. लोक तुटून पडले. गळ-पिंजऱ्यांवर न भागवितां सुरुंगाची दारू पाण्यांत उडविणें व ‘मुरो-आमी’ हे प्रकारही सुरू झाले. मुरो-आमी म्हणजे एक तऱ्हेचा हांकाच. बरींच माणसें, त्यांत लहान मुलेंही, ओळ धरून पोहतात, दोऱ्यांना बांधलेले दगड खालच्या पोवळ्यांवर आपटीत जातात, आणि भेदरलेली मासळी पुढें लावलेल्या मोठ्या जाळ्यांत हांकून नेतात. त्यायोगें मासे तर जातातच, पण त्यांचें घरही फुटतें. फिलिपाईन सरकारनें १९८६ सालीं ह्या प्रकारास बंदी केली.

पहिल्या कांहीं महिन्यांत घागरी भरल्या असतील, यांत शंका नाहीं. साठलेली पुंजी मोडली म्हणजे हातीं पैसा दिसतोच. परंतु दीड वर्षानंतर, १९८५-८६ च्या नोंदी पाहतां काय आढळलें? गळानें मासे धरणाऱ्याच्या दर खेपेची मिळकत शेंकडा ५७ नें उतरली. उभ्या लावलेल्या जाळ्यांची, ज्यांत मासा कल्ल्यांपाशीं अडकतो त्यांची, शेंकडा ५८ नें. पिंजऱ्यांची शेंकडा ३३ नें. सबंध बेटाभोंवतालचें एकूण उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आलें. जमीन एकतृतीयांशानें वाढली आणि पीक अर्धें झालें! शेतीच्या हिशेबांत असा चमत्कार कोणी सांगितला तर आपण हंसूं. येथें मात्र कारण उघड आहे. त्या बंद चौथाईंतूनच बाहेरच्या तीन भागांस भर पडत होती, आणि ती भर घालणारे मोठे मासेच उचलले गेले. एखादा सावध वाचक म्हणेल कीं, त्या दोन वर्षांत समुद्रच नापीक झाला नसेल कशावरून? हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आपो नांवाच्या दुसऱ्या एका बेटानें दिलें. तेथें त्याच काळांत संरक्षण चालू होतें, आणि तशी घट दिसली नाहीं.

आपो हें बेट सुमिलॉनहून थोडें मोठें, ७४ हेक्टरांचें. तें नेग्रोस बेटाजवळ, दाउइन नगरपालिकेच्या हद्दींत आहे. दोहोंतला महत्त्वाचा भेद असा कीं, आपोवर सुमारें सातशें माणसांची कायमची वस्ती असून बहुतेकांचा चरितार्थ मासळीवर चालतो. राखण मोडली तर मोडणारे तेच, आणि भोगणारेही तेच. आल्काला व त्यांचे सहकारी येथें १९७९ च्या सुमारास येऊं लागले. त्यांनीं कायद्याचा कागद पुढें केला नाहीं. तीन वर्षें नुसतीं बोलणीं चालविलीं, आणि गांवच्या लोकांस सुमिलॉनला नेऊन तेथील मासळी प्रत्यक्ष दाखविली. तरीही १९८२ सालीं प्रथम चौदाच कुटुंबें राजी झालीं. त्यांनीं बेटाच्या आग्नेय कडेची साडेचारशें मीटर लांबीची किनारपट्टी, म्हणजे मासेमारीच्या एकूण खडकाचा सुमारें दहावा भाग, बंद ठेविली. राखणीसाठीं किनाऱ्यावर एक माणूस पुरे होता, आणि कुटुंबें पाळीपाळीनें तें काम करीत. तीन वर्षांनीं, आंतली मासळी डोळ्यांना दिसूं लागल्यावर, सगळा गांव त्यांस मिळाला व १९८५ च्या सुमारास नगरपालिकेनें त्यावर आपला शिक्का उठविला. त्याच वेळीं गांवानें आणखीही कांहीं ठरविलें. बेटाभोंवतालच्या उरलेल्या पाण्यांत बेटकरांनींच मासे धरावे, आणि सुरुंग, विष, मुरो-आमी व अगदीं बारीक विणीचीं जाळीं कोणीही वापरूं नयेत. समुद्राची राखण करणाऱ्या अशा गांवकऱ्यांस त्या देशांत ‘बान्ताय दागात’ म्हणतात. त्याचा अर्थच समुद्राचे राखणदार असा आहे.

आपोच्या नोंदी १९८३ पासून २००१ पर्यंतच्या, अठरा वर्षांच्या, आहेत. दोन कुळें त्यांत विशेषेंकरून पाहिलीं. एक, शेपटीच्या बुडाशीं सुरीसारखा कांटा असलेलें व शेवाळ खाणारें. दुसरें, वेगानें पोहून लहान मासे मारणारें. बंद भागांत ह्या दोन्ही कुळांचें मिळून वजन तिप्पट झालें. खुल्या भागांतील ज्या जागेशीं तुलना केली, तेथें त्याच काळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. परंतु सर्वांत बोधप्रद गोष्ट हद्दीवर दिसली. बंद भागाच्या सीमेपासून अडीचशें मीटरांच्या आंत मासळी वर्षागणिक वाढत गेली, त्यापलीकडे तशी वाढली नाहीं. भरल्या विहिरीच्या आसपास जमिनींत ओल राहावी, तसाच हा प्रकार. आंत दाटी झाली कीं कांहीं मासे जागा शोधीत बाहेर पडतात, आणि सीमेवर गळ टाकून बसलेल्या कोळ्याच्या हातीं लागतात. कोळ्यांनाही हें लवकरच उमगलें. शेवाळखाऊ कुळाची गळावरील मिळकत सीमेपासून दोनशें मीटरांच्या आंत स्पष्टपणें अधिक होती. वेगानें पोहणाऱ्या कुळाची मात्र सीमेपासून दूरच अधिक मिळाली. तेथें समुद्राच्या प्रवाहाचा कांहीं संबंध असावा, असें शास्त्रज्ञांनीं म्हटलें आहे.

बेटावर एकंदरींत गळाच्या दर खेपेची मिळकत १९८१-८६ च्या मानानें १९९८-२००१ मध्यें दीडपट झाली. गळावर खर्च होणारी मेहनत मात्र १९८६ च्या मानानें शेंकडा ४६ नें कमी झाली. लोक तितक्याच किंवा अधिक मासळीसाठीं निम्मा वेळ समुद्रावर घालवूं लागले. उरलेल्या वेळांत, खडक पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांमुळें निघालेले दुसरे धंदे त्यांनीं धरले. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही सर्व वाढ केवळ त्या दहाव्या हिश्शाची करणी, असें म्हणतां येत नाहीं. सुरुंग बंद झाले, बाहेरच्यांच्या होड्या बंद झाल्या, मेहनतही घटली. ह्या सर्वांचा वांटा त्यांत आहे. नुसतें कुरण राखलें आणि बाहेर कुऱ्हाड मोकळी सोडली, तर हेंच फळ मिळालें असतें असें मला वाटत नाहीं.

हद्दीवरून पाझरणारी मासळी ही लाभाची एक वाट झाली. दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाहीं, परंतु ती बहुधा अधिक मोठी आहे. खडकावरील बहुतेक माशांचीं पिलें अंड्यांतून निघाल्यावर कांहीं आठवडे उघड्या समुद्रांत तरंगत असतात, आणि मग जेथें खडक मिळेल तेथें वस्ती करितात. वाऱ्यावर उडून जाणाऱ्या कापसाच्या म्हाताऱ्या कोणत्या बोंडांतल्या, हें ओळखणें जसें अशक्य, तसेंच ह्या पिलांचें मायबाप कोण हें सांगणें पूर्वी अशक्य मानीत. २०१२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळखडकाच्या दक्षिण भागांतील केपल बेटांवर तें सांगतां आलें. बंद भागांतील प्रौढ माशांच्या व आसपासच्या खडकांवरील पिलांच्या शरीरांतील वंशद्रव्य, ज्यास डी. एन. ए. म्हणतात, तें ताडून पाहिलें. दोन जातींवर हा प्रयोग झाला, आणि दोन्ही लोकांच्या खाण्यांतल्या. त्या प्रदेशांतील खडकांपैकीं शेंकडा २८ भाग बंद होता. परंतु तीस किलोमीटरांच्या टापूंत नव्यानें वसलेल्या पिलांपैकीं सुमारें निम्मीं पिलें त्या बंद भागांतील मायबापांचीं निघालीं, आणि त्यांतलीं पुष्कळ खुल्या खडकांवर जाऊन राहिलीं होतीं. दोन फुटी तांबोशीचा वर दिलेला हिशेब आठवला म्हणजे यांत नवल वाटत नाहीं.

येथवर मासळी वाढते एवढेंच पाहिलें. परंतु राखीव भागांत मासळीचा समाजच बदलतो, आणि सर्वांचीच भरभराट होते असें नाहीं. हेकरूसारखे शिकारी वाढले म्हणजे त्यांचें भक्ष्य असलेले लहान मासे कांहीं ठिकाणीं घटतात. पाटलाच्या वाड्यांत मांजरें वाढलीं म्हणजे उंदीर कमी व्हावयाचेच. एके काळीं अशी भीति होती कीं, शिकारी वाढून शेवाळ खाणारे पोपटमासे संपतील, मग शेवाळ माजेल आणि पोवळीं त्याखालीं गुदमरतील. शेवाळ हें पोवळ्याच्या शेतांतलें तण आहे, आणि पोपटमासा हा तें खुरपणारा. बहामा बेटांतील एक्झुमा येथील सागरी उद्यानांत १९८६ पासून मासेमारी पूर्ण बंद आहे. तेथें ह्याची तपासणी झाली व २००६ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आढळलें तें असें: मोठे शिकारी वाढले, त्यांनीं लहान जातींचे पोपटमासे कांहीं खाल्ले हें खरें. परंतु मोठ्या जातींचे पोपटमासे शिकाऱ्याच्या जबड्यांत मावत नाहींत, आणि मासेमारी बंद असल्यामुळें तेही वाढले. एकूण खुरपणी दुप्पट झाली आणि शेवाळाचें आच्छादन बाहेरच्या मानानें चौथाईवर आलें. मनुष्याचा पिंजरा मात्र लहानथोर सर्वांस धरतो, आणि खुरपणाऱ्यांत थोर तोच अधिक कामाचा.

काळाचा प्रश्न बिकट आहे. शेवाळ खाणारे व लवकर वाढणारे मासे चार-दोन वर्षांत उठाव घेतात. मोठे शिकारी फार सावकाश वाढतात. सुमिलॉन व आपो येथील नोंदींवरून आल्काला व रस यांनीं असा अंदाज बांधला कीं, मोठ्या शिकारी माशांची संख्या पूर्ण भरून येण्यास सुमिलॉन येथें पंधरा व आपो येथें चाळीस वर्षें लागावीं. चाळीस वर्षें म्हणजे बापानें राखावें आणि मुलानें, कदाचित् नातवानें, पाहावें. आणि मोडण्यास किती काळ लागतो, हें सुमिलॉननेंच दाखविलें: नऊ-दहा वर्षांची शिल्लक दीड-दोन वर्षांत खर्ची पडली. पुढें त्या बेटावर राखण कधीं पुनः बसली, कधीं पुनः मोडली. दर वेळीं मोडण्याचें कारण समुद्रांत नसून किनाऱ्यावरील कारभारांत होतें.

जगांत आज राखीव म्हणून नकाशावर रंगविलेले समुद्राचे तुकडे हजारों आहेत. परंतु रंगविणें निराळें आणि राखणें निराळें. २०१४ सालीं चाळीस देशांतील अशा ८७ क्षेत्रांची तपासणी प्रसिद्ध झाली. तपासणाऱ्यांनीं पांच लक्षणें धरलीं: मासेमारी पूर्ण बंद असणें, राखण चोख असणें, दहा वर्षें उलटलेलीं असणें, क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरांहून मोठें असणें, आणि खोल पाण्यानें किंवा वाळूनें तें इतर खडकांपासून तुटलेलें असणें. शेंकडा ५९ क्षेत्रांत ह्यांपैकीं एक किंवा दोनच लक्षणें आढळलीं, आणि तेथील मासळी बाहेरच्या खुल्या खडकांवरील मासळीहून निराळी ओळखूं येत नव्हती. म्हणजे निम्म्याहून अधिक कुरणांत गुरें चरतच होतीं. आपोचें क्षेत्र ह्या कसोटीनें अगदींच क्षुल्लक ठरतें, तरी तेथें फळ मिळालें. माझ्या मतें त्याचें कारण राखण हेंच. लहान तुकडा असला तरी घराच्या ओट्यावरून तो दिसतो.

आपल्या किनाऱ्यावर मालवण येथें, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रांत, १९८७ सालीं सुमारें २९ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य वन्यजीव कायद्यान्वयें जाहीर झालें. त्याचा गाभा सुमारें तीन चौरस किलोमीटर आहे, आणि तेथील खडकांवर पोवळीं आहेत. स्थानिक मच्छीमारांचा त्यास प्रथमपासून विरोध आहे. बाहेरून पाहणारे त्यांस अडाणी किंवा लोभी ठरवितात, तें मला पटत नाहीं. बंदी ज्या दिवशीं लागते त्या दिवसापासून तोटा सुरू होतो, लाभ मात्र पांच, दहा, पंधरा वर्षांनीं येतो. तोटाही सर्वांवर सारखा पडत नाहीं. ज्याच्याजवळ यंत्राची होडी आहे तो दूर जाईल. ज्याच्याजवळ वल्ह्याची पातळ होडी आणि एक जाळें, त्याची तीच एक जागा. शिवाय रांपणवाले आणि बाहेरून येणारे मोठे ट्रॉलर यांचा कलह ह्या किनाऱ्यावर चालूच आहे. गरिबानें आपला चतकोर सोडावा आणि तो परक्यानें खावा, अशी धास्ती असतांना कोण राजी होईल? आपोच्या चौदा कुटुंबांपुढेंही हाच प्रश्न होता. परक्या होड्यांस बंदी हा त्यांच्या ठरावाचा भागच होता, आणि तो नसता तर पहिला भागही टिकला नसता. मोसमी पावसांत होड्या किनाऱ्यास ओढून ठेवणें आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून त्या पुनः लोटणें, ही राखण आपले कोळी पिढ्यान् पिढ्या पाळीत आलेले आहेत. काळाची राखण त्यांस नवी नाहीं, जागेची नवी आहे.

राखीव क्षेत्र काय करूं शकत नाहीं, हेंही सांगणें अवश्य आहे. जाळें त्याच्या बाहेर राहतें, पण तापलेलें पाणी बाहेर राहत नाहीं. समुद्राचें पाणी नेहमींपेक्षां थोड्या अंशांनीं अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तर पोवळीं आपल्या अंगांत राहणारीं व त्यांस अन्न पुरविणारीं सूक्ष्म शैवालें टाकून देतात, पांढरीं पडतात व पुष्कळ मरतात. २०१६ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या खडकावर असा प्रकोप झाला, तेव्हां राखलेल्या व न राखलेल्या भागांत त्याच्या तीव्रतेंत फरक आढळला नाहीं. पोवळीं गेलीं कीं त्यांच्या फांद्यांत राहणारे लहान मासे जातात, आणि मग राखणदार किनाऱ्यावर बसला असला तरी त्याच्यानें कांहीं होत नाहीं.

आपोलाही असा तडाखा बसला. तेथें तो वादळाचा होता. २०११ च्या डिसेंबरांत एक आणि २०१२ च्या डिसेंबरांत दुसरें, अशीं दोन मोठीं वादळें लागोपाठ आलीं. नेमकी बंद भागाचीच बाजू लाटांच्या तोंडीं सांपडली, आणि तीस वर्षें राखलेलीं पोवळीं मोडून त्यांचा चुराडा झाला. बेटाच्या दुसऱ्या बाजूचे खडक त्या मानानें बचावले. पोवळीं नाहींत तर बंदी तरी कशाला, असें म्हणून तो भाग खुला करून टाकण्यास ती वेळ सोईची होती. गांवानें तसें केलें नाहीं. मासेमारी बंद होतीच. आतां, पैसे देऊन बुड्या मारावयास येणाऱ्या पाहुण्यांनाही तेथें मज्जाव करण्यांत आला.